परराष्ट्रमंत्री आणि दंडघेराची पट्टी

डेव्हिड मिलिबँड हे नाव निघालं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते: धाकट्या भावाकडून पक्षाची निवडणूक हरलेला थोरला भाऊ. मराठीत भाऊबंदकी हा शब्द इतका तयार आहे की त्यात ही गोष्ट बसवली की पुढे वाचावंसं वाटत नाही. नाशिकमध्ये समाजकार्य शिकणाऱ्या आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे संस्थांमधून काम करणाऱ्या मुलामुलींनी मात्र हा माणूस नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. तो समजून घ्यायचा तो निवडणुकीनंतरच्या कामासाठी. पण निवडणुकीचा हिशोब आधी उरकून टाकू.

25 सप्टेंबर 2010 रोजी ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या नेतेपदाचा निकाल लागला. एड मिलिबँड 50.65 टक्के, डेव्हिड मिलिबँड 49.35 टक्के. त्या वेळी पक्षात मतांचे तीन सारखे वाटे असत: एक तृतीयांश खासदार आणि युरोपीय संसदेतले सदस्य, एक तृतीयांश पक्षाचे सामान्य सदस्य, एक तृतीयांश पक्षाशी जोडलेल्या कामगार संघटना आणि संस्था. मतदार पसंतीक्रम लावत, शेवटचा उमेदवार बाद होई आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जात. पाच उमेदवार होते, चार फेऱ्या झाल्या. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत डेव्हिड पुढे होते. चौथ्या फेरीतही खासदारांच्या वाट्यात ते पुढे होते (140 विरुद्ध 122) आणि सदस्यांच्या वाट्यातही पुढे होते. संघटनांच्या वाट्यात मात्र एड इतके पुढे गेले की बाकीची आघाडी धुऊन निघाली. खासदारांच्या वाट्यातलं एक मत एकूण निकालाच्या साधारण 0.13 टक्के भरत होतं. म्हणजे सहा खासदारांनी पसंती फिरवली असती, तर निकाल उलटा लागला असता. वाट्यांची ही पद्धत पक्षाने 2014 मध्ये मोडीत काढली.

भाऊबंदकी म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या नजरेतून एक कायदा निसटतो. डेव्हिड 2006-07 मध्ये पर्यावरणमंत्री असताना हवामानबदल कायद्याचा मसुदा आला. 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन 60 टक्क्यांनी खाली आणायचं, दर पाच वर्षांचं कार्बन बजेट ठरवायचं आणि सरकारला सल्ला देणारी स्वतंत्र समिती नेमायची, अशी त्याची रचना होती. पुढे ऊर्जा आणि हवामान खातं एड यांच्याकडे आलं, उद्दिष्ट 80 टक्क्यांवर गेलं आणि नोव्हेंबर 2008 मध्ये कायदा झाला. थोरल्याने मांडलेलं काम धाकट्याने तडीस नेलं.

आता घर. वडील राल्फ हे पोलिश ज्यू कुटुंबातले, ब्रसेल्समध्ये जन्मलेले. मे 1940 मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं तेव्हा ते 16 वर्षांचे होते. वडिलांबरोबर ऑस्टेंड बंदर गाठून बोटीने इंग्लंडला पोचले. आई आणि बहीण मागे राहिल्या. मूळ नाव अडॉल्फ, ते लंडनमध्ये बदलून राल्फ केलं. पुढे ते ब्रिटनमधले नावाजलेले मार्क्सवादी विचारवंत झाले. आई मॅरियन कोझाक युद्धकाळात पोलंडमध्ये कॅथॉलिक लोकांच्या आसऱ्याने लपून वाचल्या आणि युद्धानंतर ब्रिटनला आल्या. म्हणजे 15 जुलै 1965 ला लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा दोन्ही बाजूंनी निर्वासितांचा.

निर्वासित हा शब्द आपल्याला नवा नाही. त्याच युद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित 1943 ते 1948 राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांसाठी आपल्या देवळालीतल्या लष्करी बराकी उघडल्या गेल्या. देवळाली कँपात आज जी सिंधी दुकानं दिसतात, त्यांची मुळं त्या छावणीत आहेत. एका पिढीत लोक छावणीतून दुकानात आले, कारण त्यांना कामधंदा करायला, राहायला, मुलांना शाळेत घालायला कुणी अडवलं नाही. आजच्या बहुतेक निर्वासितांना नेमकं हेच मिळत नाही, आणि मिलिबँड यांच्या मांडणीचा बराचसा भाग याच मुद्द्याभोवती फिरतो.

शिक्षण लंडनच्या हॅवरस्टॉक या सरकारी शाळेत, मग ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र, त्यानंतर अमेरिकेत एमआयटीमधून राज्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी. 1989 पासून एका धोरणसंस्थेत संशोधन, 1994 पासून टोनी ब्लेअर यांचे धोरणप्रमुख, 1997 ते 2001 पंतप्रधान कार्यालयातल्या धोरण विभागाचे प्रमुख. 2001 मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्समधून खासदार. मग शालेय शिक्षण राज्यमंत्री, स्थानिक स्वराज्य, पर्यावरण आणि 28 जून 2007 पासून मे 2010 पर्यंत परराष्ट्रमंत्री, तेही 41 व्या वर्षी. या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. भाषणबाजीने वर आलेला हा नेता नव्हे. कागद तयार करणारा, खर्च काढणारा, पर्याय मांडणारा माणूस पुढे मंत्री झाला. ही सवय पुढे कामी आली.

परराष्ट्रमंत्रिपदाच्या काळातल्या त्यांच्या बऱ्यावाईट दोन्ही बाजू सांगायला हव्यात. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर दीड महिन्याने, 15 जानेवारी 2009 ला, त्यांनी ताजमहाल हॉटेलमध्येच भाषण केलं. 'दहशतवादाविरुद्धचं युद्ध' ही कल्पनाच चुकीची ठरली, कारण त्यामुळे वेगवेगळ्या कारणांनी लढणारे गट एकाच माळेत ओवले गेले, असं ते म्हणाले. मुद्दा विचार करण्यासारखा होता. पण त्याच दौऱ्यात त्यांनी काश्मीरचा प्रश्न दहशतवादाशी जोडला आणि न मागता दिलेला सल्ला नको, असं दिल्लीने स्पष्ट सुनावलं. हल्ल्याच्या जखमा ओल्या असताना बाहेरच्या माणसाने काय बोलावं, याचं भान तिथे सुटलं. 2003 मध्ये इराक युद्धाच्या बाजूने त्यांनी मत दिलं होतं, हेही त्यांच्या खात्यावर आहेच. पुढे ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यातले कित्येक निर्वासित त्या युद्धाचे.

दुसऱ्या पारड्यात डिसेंबर 2008 मधली ऑस्लोतली सही आहे. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या करारावर ब्रिटनच्या वतीने त्यांनी सही केली. हा बॉम्ब हवेत फुटून शेकडो लहान गोळे विखुरतो. त्यातले न फुटलेले वर्षानुवर्षं शेतात पडून राहतात आणि खेळणं समजून मुलं ते उचलतात.

आणि श्रीलंका. एप्रिल 2009 च्या शेवटी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कुश्नेर यांच्याबरोबर ते कोलंबोला गेले. ईशान्येच्या चिंचोळ्या पट्टीत अडकलेल्या हजारो तमिळ नागरिकांसाठी लढाई थांबवा, अशी मागणी केली. सरकारने ती धुडकावली. तीन आठवड्यांच्या आत युद्ध संपलं, नागरिक मेले ते मेलेच. सुरक्षा परिषदेचं कायमचं सदस्यत्व आणि अण्वस्त्रं असलेल्या देशाचा परराष्ट्रमंत्री समोर बसूनही काही थांबवू शकत नाही, याचं इतकं उघडं उदाहरण क्वचितच सापडेल.

निवडणूक हरल्यावर त्यांनी भावाच्या छाया मंत्रिमंडळात बसायला नकार दिला. मार्च 2013 मध्ये खासदारकी सोडत असल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी, म्हणजे आयआरसी, या संस्थेचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून रुजू झाले. जॉर्ज रप यांच्यानंतरची ही नेमणूक.

ही संस्था 1933 ची. हिटलरच्या जर्मनीतून लोकांना बाहेर काढण्यासाठी अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. 1940 मध्ये व्हेरियन फ्राय नावाचा अमेरिकी पत्रकार फ्रान्सच्या मार्सेय बंदरात खोटी कागदपत्रं आणि चोरवाटा जमवून कलावंत-लेखकांना सोडवत होता. चित्रकार मार्क शागाल आणि तत्त्वचिंतक हाना आरेन्ट त्यातूनच सुटल्या. त्याच वर्षी राल्फ मिलिबँड ऑस्टेंडहून बोटीत चढले होते. फ्रायची समिती आणि मूळ संस्था 1942 मध्ये एकत्र झाल्या. आज संस्था 40 हून अधिक देशांत काम करते, शिवाय अमेरिकेतल्या वीसेक शहरांत नव्याने आलेल्या निर्वासितांना बसवते.

मदतकार्यात मन चांगलं असणं पुरत नाही, आणि मिलिबँड यांच्या काळातलं आयआरसीचं काम मला याच कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक कार्यक्रमाला त्यांनी तीन प्रश्न लावून धरले: नेमका काय फरक पडणार, त्याला पुरावा काय आणि एका माणसामागे खर्च किती. दोन उदाहरणं सविस्तर घेऊ.

पहिलं लेबनॉनचं. सीरियातून आलेल्या कुटुंबांना 2013-14 च्या हिवाळ्यात काय द्यायचं, हा प्रश्न होता. गोधड्या, शेगड्या, रॉकेल वाटायचं की सरळ पैसे? निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने आणि सहकारी संस्थांनी एटीएम कार्ड दिली आणि नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कुटुंबामागे 575 डॉलर जमा केले. पैसा सगळ्यांना पुरणारा नव्हता, म्हणून थंडीचा हिशोब लावून एक रेषा आखली: समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्या वर राहणाऱ्यांना कार्ड, खाली राहणाऱ्यांना नाही. (आपलं नाशिक या रेषेच्या थोडं वरच येतं.) अभ्यास करणाऱ्यांनी या रेषेचाच उपयोग करून घेतला. 500 मीटरच्या जरा वरची कुटुंबं आणि जरा खालची कुटुंबं यांच्यात परिस्थितीचा फरक जवळपास नसतो. फरक फक्त कार्डाचा. त्यामुळे कुणाला मुद्दाम वंचित न ठेवता तुलना करता आली.

आयआरसीने 2014 मध्ये त्याचा अहवाल काढला. मिळालेला प्रत्येक डॉलर फिरून स्थानिक बाजारात 2.13 डॉलरची उलाढाल झाली. बाजारभाव पैशांमुळे चढले असं दिसलं नाही. मुलांना कामाला लावण्याचं प्रमाण खाली आलं, शाळेत जाणं वाढलं. पैसे हातात दिले की पुरुष उडवतात, ही भीती खरी ठरली नाही. पण मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. हिवाळ्यासाठी दिलेले हे पैसे बहुतेक कुटुंबांनी अन्न आणि पाण्यावर खर्च केले. शेगडीपेक्षा भाकरी आधी. उंचावरच्या घरांत थंडी राहिलीच. कार्यक्रम फसला असं यातून म्हणता येत नाही. रक्कम गरजेपेक्षा फार लहान होती, एवढंच म्हणता येतं. आपल्याकडे एखाद्या योजनेचे पैसे 'भलत्याच' गोष्टीला गेले म्हणून बायकांना बोल लावणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

रोख मदतीत फसतं कुठे, तेही सांगतो. बाजारात मालच नसेल तर पैशाने फक्त भाव चढतात, म्हणून आधी बाजाराची पाहणी लागते: किती दुकानं, माल कुठून येतो, रस्ता चालू आहे का. कार्ड कुणाच्या नावावर यावरून घरात तंटा होतो. पिन नंबर दुकानदाराला किंवा घरमालकाला सांगितला जातो आणि कार्ड त्याच्याकडे गहाण पडतं. एटीएम लांब असेल तर प्रवासातच पैसे जातात. हे सगळं आधी हेरून उपाय बसवला नाही, तर रोख मदतीचं गाडं तिथेच रुततं.

दुसरं उदाहरण कुपोषणाचं, आणि ते आपल्या जिल्ह्याच्या फार जवळचं आहे.

जगभर तीव्र कुपोषित मुलांवर उपचार होतो तो शेंगदाण्याच्या लगद्यात दूधपूड, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार घालून केलेल्या पाकिटांवर. एक पाकीट 92 ग्रॅमचं, त्यात 500 किलोकॅलरी. शिजवावं लागत नाही, पाणी घालावं लागत नाही, मूल पाकिटातून थेट चाटून खातं. पाण्याचा अंश जवळजवळ नसल्याने जंतू वाढत नाहीत. औषध असं तयार आहे, तरी बहुसंख्य मुलांपर्यंत ते पोचत नव्हतं. मेख पद्धतीत होती.

तीव्र कुपोषित मूल संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेच्या वाट्याला, मध्यम कुपोषित दुसऱ्या संस्थेच्या. दोघांची पाकिटं वेगळी, गोदामं वेगळी, कित्येकदा केंद्रंही वेगळी. मध्यम कुपोषित मुलाला आई घेऊन येते, तर 'याची सोय इथे नाही, तिकडच्या केंद्रात जा'. मूल खंगून तीव्र झालं की मग 'आता इकडे'. मात्रा वजनावरून ठरायची: 5 किलोच्या मुलाला रोज 2 पाकिटं, 7 किलोच्या मुलाला 3, 10 किलोच्या मुलाला 4. त्यासाठी वजनकाटा हवा, तक्ता वाचता येणारा माणूस हवा. शिवाय यात एक उलटा हिशोब दडलेला होता. मूल सुधारत जातं तसं वजन वाढतं, आणि वजन वाढलं की तक्ता आणखी पाकिटं द्यायला सांगतो. भूक भरून निघत असताना मात्रा चढत जाते.

आयआरसी आणि तिच्या सहकाऱ्यांनी ज्या सोप्या पद्धतीचा पाठपुरावा केला, ती अशी. मोजमाप फक्त दंडघेराचं, म्हणजे दंडाच्या मध्यावरच्या घेराचं, रंगीत पट्टीने घेतलेलं. लाल, म्हणजे 115 मिलिमीटरच्या खाली: रोज 2 पाकिटं. पिवळा, म्हणजे 115 ते 125 च्या आत: रोज 1 पाकीट. तेच पाकीट, तेच केंद्र, तीच सेविका. लागोपाठ दोन भेटींत 125 किंवा वर, म्हणजे हिरव्यात, आलं की मूल बरं झालं. केनिया आणि दक्षिण सुदानमध्ये नेहमीच्या पद्धतीशी तुलना करून चाचणी झाली, 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मुलं बरी होण्यात सोपी पद्धत कमी पडली नाही आणि बऱ्या झालेल्या एका मुलामागे खर्च 1,041 डॉलरवरून 918 डॉलरवर आला. पुढे मालीमध्ये मोठ्या प्रमाणावर ती राबवली, तेव्हा 90 टक्क्यांहून जास्त मुलं बरी झाली. मिलिबँड यांनी स्वतः पाकीट शोधलं नाही की चाचणी केली नाही. त्यांनी केलं ते राजकारण्याचं काम: दोन बलाढ्य संस्थांमधली हद्द मुलांच्या जिवावर उठते आहे, हे सरकारांपुढे आणि देणगीदारांपुढे वर्षानुवर्षं बोलत राहिले.

दंडघेराची पट्टी आपल्या अंगणवाडी सेविकांच्या हातात आहेच. तरी मापन चुकतं, आणि नेहमी त्याच त्या ठिकाणी चुकतं, म्हणून नीट सांगतो. मूल 6 ते 59 महिन्यांचं हवं. दंड डावा. बाही पूर्ण वर सरकवायची किंवा कपडा काढायचा. झबल्यावरून घेतलेलं माप टाकून द्यावं. कोपर काटकोनात वाकवायचं, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची. मग हात सैल खाली सोडायचा आणि खुणेवर पट्टी गुंडाळायची. नजरेच्या अंदाजाने मध्य धरला तर पट्टी सहसा वर किंवा खाली सरकते आणि आकडा बदलतो. पट्टी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण कातडीला वळी पडता कामा नये. आवळली तर निरोगी मूल पिवळ्यात दिसतं. सैल राहिली तर लाल मूल पिवळ्यात जातं, आणि ही चूक जिवावर बेतते. मूल रडून हात ताठ करत असेल तर थांबायचं, आईच्या मांडीवर शांत होऊ द्यायचं. खिडकीतला आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा, नुसता रंग लिहायचा नाही, कारण 116 आणि 124 दोन्ही पिवळेच. वापरून ताणलेली, घडी पडलेली पट्टी बदलायची.

पट्टीबरोबर सूज तपासणं सोडायचं नाही. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने 3 सेकंद दाबून सोडायचं. दोन्हीकडे खड्डा राहिला तर पट्टी हिरवी असली तरी मूल तीव्र कुपोषित धरायचं आणि लगेच दवाखान्यात पाठवायचं. सुजेमुळे दंड जाड दिसतो, म्हणून पट्टी एकटी फसवू शकते. भूक तपासायची, ताप, जुलाब, मलूलपणा बघायचा. यातलं काही असेल तर पाकीट घरी देऊन चालत नाही, डॉक्टरच लागतो.

आता या पद्धतीवरचा खरा आक्षेप. भारतात उंचीच्या मानाने वजन कमी असलेली कितीतरी मुलं दंडघेराच्या लाल पट्टीत येतच नाहीत. दोन्ही मापं वेगवेगळी मुलं पकडतात. फक्त पट्टीवर गेलो तर आपल्याकडची पुष्कळ मुलं निसटतील, त्यामुळे इथे वजन-उंची सोडून चालणार नाही. पाकिटांबद्दलही मतभेद आहेत. कारखान्यातलं पाकीट आणलं की गावातला आहार मागे पडतो, ही आपल्याकडच्या अन्न हक्काच्या कार्यकर्त्यांची भीती रास्त आहे. मला वाटतं फरक परिस्थितीचा आहे. सुदानमधल्या छावणीत चूल नाही, पाणी नाही, उद्या छावणी तिथे असेल याची खात्री नाही. सुरगाण्याच्या पाड्यावर अंगणवाडी आहे, चूल आहे, नागली आहे, शेंगदाणा-गूळ आहे. ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालायची पद्धत नीट चालली, तर तीही मूल उभं करते. ती अडते ती मजुरीसाठी आई-बाप गाव सोडून नाशिक-निफाडकडे द्राक्षबागांवर गेले की. मूल यादीत राहतं आणि पाड्यावर नसतं. सोप्या पद्धतीतला घेण्यासारखा भाग हाच: सेविका बदलली, गाव बदललं, तरी एक आकडा आणि एक नियम तोच राहतो.

शिक्षणातल्या कामाबद्दल थोडक्यात. सेसमी वर्कशॉप (लहान मुलांचे कार्यक्रम बनवणारी अमेरिकी संस्था) आणि आयआरसी यांना 2017 मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनने 10 कोटी डॉलर दिले. त्यातून 2020 मध्ये अरबी भाषेतला 'अहलन सिमसिम' हा लहान मुलांचा कार्यक्रम आला. राग आला, भीती वाटली, तर काय करायचं हे बाहुल्या शिकवतात. लेबनॉनमध्ये शिक्षिकांनी आईबापांना गटाने फोन करून 11 आठवडे शिकवलं, तेव्हा मुलांची प्रगती वर्षभराच्या बालवाडीच्या तोडीची निघाली. मोबाइल पोचतो पण बालवाडी पोचत नाही अशा कुठल्याही भागाला हे लागू आहे.

अमेरिकेत निर्वासितांना बसवण्याचं काम वेगळं. त्याचे पहिले 90 दिवस ठरवून दिलेले असतात. विमानतळावर कुणीतरी हजर, सामान मांडलेलं घर, घरात पहिल्या रात्री त्यांच्या सवयीचं शिजलेलं जेवण. मग सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज, आरोग्य तपासणी, मुलांचा शाळाप्रवेश, इंग्रजीचा वर्ग, नोकरी. विमानभाडं बिनव्याजी कर्ज असतं आणि ते फेडावं लागतं, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. किती लोक घ्यायचे, ते दरवर्षी राष्ट्राध्यक्ष ठरवतात: 2016 साठी 85,000, 2020 साठी 18,000, 2022 साठी 1,25,000. आकडा खाली आला की शहरातली कार्यालयं बंद होतात, अनुभवी माणसं जातात, आणि पुढे आकडा वर नेला तरी ती यंत्रणा एका रात्रीत उभी राहत नाही.

मिलिबँड यांच्या काळात संस्थेचा वर्षाचा खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला. मोठा वाटा सरकारांकडून येणारा, त्यातही अमेरिकेचा. ही त्यांच्या कारभारातली सगळ्यात कच्ची बाजू, असं मी स्पष्ट म्हणेन. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, फेब्रुवारीत ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 वरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं (तेही मजूर पक्षाच्याच सरकारने), आणि 1 जुलैला यूएसएड ही परदेशी मदत देणारी अमेरिकी यंत्रणाच गुंडाळली गेली. सुदान तेव्हा आयआरसीच्या संकटयादीत (सगळ्यात बिकट स्थितीतल्या देशांची संस्थेची वार्षिक यादी) सलग दुसऱ्या वर्षी पहिल्या क्रमांकावर होता. अमेरिकेतल्या कारखान्यांच्या गोदामांत शेंगदाण्याच्या पाकिटांच्या तयार पेट्या कंत्राटं रद्द झाल्याने पडून राहिल्या. एका पेटीत 150 पाकिटं येतात. लाल पट्टीतल्या मुलाचे ते 75 दिवस.

राहिला पगाराचा प्रश्न, तो दरवेळी निघतोच. मिलिबँड यांचा वर्षाचा मोबदला दहा लाख डॉलरच्या घरात आहे. माझ्या मते तो जास्त आहे. न्यूयॉर्कमधल्या इतक्या मोठ्या संस्थांमध्ये असे आकडे नवे नाहीत, हे मान्य करूनही जास्त आहे. पण त्यावर बोलताना निदान कागद वाचून बोलावं. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांना दरवर्षी फॉर्म 990 भरावा लागतो आणि तो कुणालाही फुकट बघता येतो. भाग 9 मध्ये खर्च तीन रकान्यांत वाटलेला असतो: कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी उभारणी. भाग 7 मध्ये पदाधिकाऱ्यांचा मोबदला, त्याचा तपशील शेड्यूल जे मध्ये.

आपल्याकडे परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना एफसी-4 हा फॉर्म आर्थिक वर्ष संपल्यावर 9 महिन्यांच्या आत, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत भरावा लागतो. परदेशी देणगीच्या कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर व्यवस्थापनावरचा खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी ही मर्यादा 50 टक्के होती. देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच जमा होते. आणि एका संस्थेने ती दुसरीला द्यायची नाही. पेठमधल्या छोट्या संस्थेला मोठ्या संस्थेमार्फत परदेशी पैसा मिळण्याची वाट यामुळे बंद झाली. स्वतःची नोंदणी हवी, आणि त्यासाठी 3 वर्षांचं काम आणि गेल्या 3 आर्थिक वर्षांत 15 लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो. दोन देशांतले आकडे शेजारी ठेवताना एक काळजी घ्यावी. शेड्यूल जे मध्ये मूळ पगार, बोनस आणि निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत असते, बातमीत मात्र सगळ्यांची बेरीज येते. म्हणून आकड्याआधी रकाना बघावा.